पुरतंय ना?

तान्ह्या बाळाला बघायला आलेलं माणूस आधी नाक कुणावर गेलंय ते पाहतं, झबलं-टोपडं हातात ठेवतं आणि मग आवाज जरा खाली आणून विचारतं, "दूध पुरतंय ना?" माझी लेक बाळंतपणाला डोंबिवलीला आली तेव्हा हा प्रश्न मी अनेक तोंडांनी ऐकला. कल्याणच्या विहीणबाईंनी अळिवाच्या लाडवांचा डबा देताना विचारला, मालिशवाल्या मावशींनी बाळाच्या पोटऱ्यांना तेल चोळताना विचारला, खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर जिन्यातच विचारला. सगळ्यांच्या मनात मायाच होती. तरी मी दर वेळी लेकीकडे बघत असे. प्रश्न असतो बाळाच्या पोटाचा आणि जाऊन लागतो आईला.

माझी सगळी नोकरी ठाणे जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून झाली. बाळंतिणी, वजनकाटा, लसींची पेटी, घरभेटी. त्यामुळे या प्रश्नाशी माझी ओळख जुनी आहे. इतक्या वर्षांत माझी खात्री झाली आहे की दूध कमी पडण्यापेक्षा ते कमी पडतंय या भीतीनेच जास्त बायकांचं अंगावरचं पाजणं सुटतं. भीती शिरायला बाळाच्या भुकेतला एखादा बदल पुरतो. आणि बाळाची भूक तर सारखीच बदलत असते.

पहिला बदल अगदी सुरुवातीचा. जन्मानंतरच्या चार-पाच दिवसांत बाळाचं वजन उतरतं, शेकडा सात ते दहापर्यंत. पहिल्या दिवशी आईला येणारा चीक चमचा-दोन चमचे असतो आणि बाळाचं पोटही तेवढंच मागतं. मग दूध उतरतं, बाळ दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पिऊ लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. आपलं बारसं बाराव्या दिवशी असतं. कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण बाळ आता धरलं असं म्हणायला ती वेळ मला नेहमी योग्य वाटत आली आहे. कल्याणच्या, १८६५ साली जन्मलेल्या आनंदीबाई जोशींचं मूल या बारशापर्यंतही पोचलं नाही. त्या चौदा वर्षांच्या होत्या आणि बाळ दहा दिवस जगलं. त्या दुःखातून उठून त्या अमेरिकेत गेल्या, १८८६ साली डॉक्टर झाल्या आणि प्रबंधासाठी विषय घेतला तो प्रसूतिशास्त्राचाच. कल्याण स्थानकावर उतरताना मला त्यांच्या पदवीच्या आधी ते दहा दिवसांचं बाळ आठवतं.

नातीचं बारसं छान झालं, वजन परत आलं, आणि तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळी तिने घर डोक्यावर घेतलं. पाचला पाजलं, साडेपाचला पुन्हा हवं, सहाला पुन्हा. पाच-दहा मिनिटं ओढायचं, डुलकी घ्यायची, गादीवर ठेवलं की टाहो. असं रात्री दहापर्यंत. लेकीची पाठ आखडून गेली. जावई ठाण्याहून आले होते, ते हळूच म्हणाले, "आई, एखादी बाटली देऊन बघू या का? भूक भागत नसेल तिची." त्यांची तळमळ खरी होती. मी म्हटलं, "थोडं थांबू या. तिच्या दुपट्यांकडे बघा. सकाळपासून सात-आठ ओली झालीत."

अंगावरच्या दुधाचा हिशोब मागणीवर चालतो. दूध साठून राहिलं की ते तयार होण्याचा वेग मंदावतो, बाळाने ओढून रिकामं केलं की वाढतो. दोन-तीन आठवड्यांच्या सुमारास, मग दीड महिन्याला, मग तीन महिन्यांच्या आसपास पुष्कळ बाळं अशी एक-दोन दिवस सतत अंगाला लागतात. बाहेरून बघणाऱ्याला तो तुटवडा दिसतो. खरं म्हणजे बाळ त्या वेळी पुढच्या दिवसांचं दूध मागवत असतं. त्या संध्याकाळी वरचं दूध दिलं तर बाळ शांत झोपतं, ओढणं कमी होतं, दुसऱ्या दिवशी दूध तेवढं कमी बनतं आणि आदल्या रात्रीची शंका खरी ठरते. मी हे इतक्या घरांत घडताना पाहिलंय की तो क्रम मला पाठ झाला आहे. आमच्याकडे तीन संध्याकाळी तशा गेल्या. लेकीला टेकायला उशा दिल्या, तिच्या तोंडात मी वरण-भाताचे घास घातले, ढेकर काढायचं काम जावयांकडे दिलं. चौथ्या दिवशी नात दोन-दोन तास झोपायला लागली.

आमच्या पिढीच्या डोळ्यांसमोर बाळाचं एक चित्र पक्कं बसलेलं आहे. दंडाला वळ्या, गाल फुगलेले, गुटगुटीत. दुधाच्या पावडरीच्या डब्यांवर तशीच बाळं असायची आणि सुदृढ बालक स्पर्धेत बक्षीसही त्यांनाच मिळायचं. १९९२ साली कायदा झाला आणि त्या डब्यांवर बाळाचा किंवा आईचा फोटो छापायला, त्यांची जाहिरात करायला बंदी आली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९१च्या डिसेंबरात, स्तनपानासाठी काम करणारी बीपीएनआय ही देशव्यापी संस्था वर्ध्यात स्थापन झाली होती. आणि १९८९ साली शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली होती, अपुऱ्या दिवसांच्या, आजारी बाळांना दुसऱ्या आयांचं दूध मिळावं म्हणून. आमच्या कल्याण-ठाण्याच्या गाड्या रोज त्या शीववरून जातात. या सगळ्या कामाने माझ्या नोकरीतली कितीतरी बाळं वाचली. डब्यांवरचं चित्र मात्र मनातून गेलं नाही, म्हणून चार महिन्यांचं सडपातळ, हसरं, हातपाय मारणारं बाळ दिसलं की लोक आईला विचारतात, "पुरतंय ना?"

वजनाच्या तक्त्यांनीही बराच काळ याला हातभार लावला. जगभर पुष्कळ ठिकाणी वापरला जाणारा जुना तक्ता अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या मुलांच्या वजनांवरून केलेला होता आणि ती बहुतेक बाटलीवर वाढलेली. अंगावर पिणारी बाळं पहिल्या दोन-तीन महिन्यांत भराभर वाढतात आणि मग त्यांचा वेग बाटलीवरच्या बाळांपेक्षा मंदावतो. त्यामुळे चांगलं पिणारं बाळ चौथ्या महिन्यानंतर तक्त्यावर घसरताना दिसायचं आणि वरचं सुरू करा असा सल्ला निघायचा. मग जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांत, त्यात आपल्या दक्षिण दिल्लीतही, नीट अंगावर पाजलेली मुलं वर्षानुवर्षं मोजली आणि २००६ साली नवा तक्ता दिला. अंगणवाडीत आज जो गुलाबी-निळा तक्ता असतो, मुलींचा गुलाबी आणि मुलांचा निळा, तो त्यावरूनच आलेला.

त्या गुलाबी तक्त्यातली मधली रेघ घेऊन मी लेकीला एकदा हिशोब मांडून दाखवला होता. जन्माला ३.२ किलो, तीन महिन्यांना ५.८, सहाला ७.३, नऊला ८.२, वर्षाला ८.९. म्हणजे पहिल्या तीन महिन्यांत २.६ किलोची भर, पुढच्या तीनमध्ये दीड किलो, मग ९०० ग्रॅम आणि शेवटच्या तीनमध्ये अवघी ७००. दुसऱ्या वर्षात तर बारा महिने मिळून वजन तेवढंच वाढतं, जेवढं पहिल्या तीन महिन्यांत वाढलं होतं. भूक वाढीच्या मागून चालते. महिन्याचं बाळ दिवसाला साधारण ७५० ते ८०० मिलिलिटर दूध पितं आणि सहा महिन्यांचं बाळही साधारण तेवढंच. बाळ दुप्पट झालं म्हणून दूध दुप्पट लागत नाही, कारण वाढीचा वेग तोवर उतरलेला असतो. वर्षाचं मूल "काहीच खात नाही" म्हणून रडकुंडीला आलेल्या आया मला घरोघर भेटल्या. त्यांतल्या बहुतेकींची मुलं त्या वयाला हवं तेवढं खात होती.

भूक लागल्याचं बाळ रडण्याआधी बरंच काही सांगून झालेलं असतं. झोपेत चुळबुळ, मग ओठ चाटणं, मूठ तोंडात घालणं, गालाला काही लागलं की तिकडे मान वळवून चाचपणं. रडणं सगळ्यांत शेवटी येतं, आणि रडून लाल झालेलं बाळ धड अंगालाही लागत नाही, आधी शांत करावं लागतं. पोट भरल्याचंही सांगतं. मूठ सुटते, ओढ सैल होते, मान बाजूला जाते. यासाठी पुस्तक लागत नाही, पण कुणीतरी बाळाजवळ असावं लागतं. आणि आमच्या या रेल्वेच्या गावांत तेच अवघड होऊन बसलं आहे.

रायगडावरच्या हिरकणीची गोष्ट आपण मुलांना धाडसाची म्हणून सांगतो. कोजागिरीला दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सूर्यास्ताला दरवाजे बंद झाले आणि घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली असं सांगतात. मला त्यात संध्याकाळची वेळ दिसते. तीच वेळ, जेव्हा बाळ अंगावरून उतरायला तयार नसतं. तिकडे बाळ भुकेलेलं आणि इकडे तिच्या छातीत दूध दाटून आलेलं. थांबणं तिला शक्यच नव्हतं. संध्याकाळी मुंबईहून सुटलेल्या कल्याण लोकलच्या बायकांच्या डब्यात मी अशा पोरी पाहिल्या आहेत. डब्यात कुणाचं तरी तान्हं रडतं आणि पलीकडे उभ्या असलेल्या, ते मूल न पाहिलेल्या एखादीला पान्हा फुटतो. ती घाईने ओढणी पुढे घेते आणि मुंब्र्याची खाडी कधी येते याची वाट बघते. हिरकणीच्या नावाने आता एसटीच्या स्थानकांवर हिरकणी कक्ष झाले आहेत, चांगली गोष्ट आहे. पण त्या कक्षात बाळाला घेऊन बसायचं, तर बाळ आधी बरोबर असायला हवं.

२०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. सहा महिने फक्त आईचं दूध, हा हिशोब तिच्याशी जुळतो. प्रत्यक्षात काही आठवडे बाळंतपणाआधीच संपतात. लोकलच्या गर्दीत आठवा-नववा महिना काढणं सोपं नसतं. माझी लेक कामावर रुजू झाली तेव्हा नात पाच महिन्यांची होती. सोमवार ते शुक्रवार लेक आमच्याकडे राहणार आणि शनिवार-रविवार घोडबंदर रोडच्या घरी, असं ठरलं. सकाळी निघण्याआधी ती दूध काढून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवी. बाहेर चार तास टिकतं, फ्रीजमध्ये दिवसभर. गॅसवर तापवायचं नाही, गरम पाण्यात भांडं धरून कोमट करायचं. बाटली आम्ही आणलीच नाही. कपाटातलं लेकीचंच चांदीचं बोंडलं काढून उकळून घेतलं.

पहिले काही दिवस नातीने बोंडल्याला तोंड लावलं नाही. मग लावलं, पण दिवसभरात मिळून कसंबसं वाटीभर. मी घाबरले नाही, तरी मनात रुखरुख होतीच. रात्री मात्र आई दारात आली की पोरगी जी अंगाला चिकटे, ती पहाटेपर्यंत. दर दीड-दोन तासांनी उठायचं आणि प्यायचं. शेजारी म्हणाले, रात्रीची वाईट सवय लागली, मोडून काढा. मला ती सवय वाटली नाही. त्या पाच महिन्यांच्या जिवाला कळलं होतं की दिवसा आई नसते, म्हणून दिवसाचं पोट तिने रात्रीवर नेलं होतं. चोवीस तासांचा हिशोब तिचा बरोबर होता, वजनही रेघेला धरून होतं. मोडत होती ती लेक. सकाळी गाडीत उभ्या उभ्या डोळे मिटायची.

पुढे मे महिना आला. डोंबिवलीचा मे, खाडीकडून चिकट हवा, त्यात वीज गेलेली. बाळाला पाणी पाजा असं ज्याने त्याने सांगितलं. आईच्या दुधात शेकडा अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी लागत नाही, उलट पाण्याने पोट भरून दूध मागे राहतं. त्या दिवसांत नात थोडं थोडं आणि सारखं पीत होती. तहानही ती तशीच भागवत होती.

उष्टावण सातव्या महिन्यात केली. मुलीची विषम महिन्यात करतात. मामाने चांदीच्या वाटीतली खीर भरवली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि नातीने जिभेने ती सावकाश बाहेर काढली. सहा महिन्यांनंतर बाळाला जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो, म्हणून वरचं अन्न वेळेवर सुरू व्हायलाच हवं. पण सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरतात, पोटापेक्षा तोंडाची ओळख व्हायला. वर्षाचं होईपर्यंत निम्मी किंवा अधिक ताकद दुधातूनच येते. आयरे गावातल्या आमच्या कामवाल्या बाईंनी तांदळाची पेज कशी दाट करायची ते दाखवलं. मी तिच्यात मुगाचं वरण आणि तुपाचा थेंब घालू लागले. नाचणी आवडली, गाजर नाही आवडलं, मग दोन आठवड्यांनी गाजरच आवडलं. दात येताना चार दिवस सगळं बंद, फक्त आई. सर्दी झाली तेव्हा तेच. बरी झाल्यावर दोन दिवसांत इतकं खाल्लं की मला पुन्हा भात लावावा लागला.

क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी शंभर वर्षांपूर्वी एक प्रयोग केला होता. नुकत्याच दूध सुटलेल्या बाळांपुढे साधं, ताजं, कमीत कमी शिजवलेलं अन्न वेगवेगळ्या वाट्यांत मांडायचं आणि कुणी काही सुचवायचं नाही. पंधरा मुलं त्यात होती. एका जेवणाला मूल काय खाईल याचा काही नेम नसे, पण महिन्यांचा हिशोब घेतला तर सगळी धडधाकट वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाने तर कॉड माशाच्या यकृताचं तेल बरं होईपर्यंत स्वतःहून घेतलं. मात्र त्या वाट्यांत बिस्कीट नव्हतं, साखर नव्हती. काय मांडायचं ते मोठ्यांनी ठरवलं होतं, किती खायचं ते मुलांनी. मोबाइल समोर धरून भरवताना मूल गिळतं खरं, पण पोट भरल्याचं त्याचं त्याला कळणं तिथे पुसून जातं. मला ते बघवत नाही आणि मी ते बोलून दाखवते.

पण भूक नेहमी विश्वासाची असते, असं मी म्हणणार नाही. काही वर्षं मी मोखाड्याच्या बाजूला होते. २०१४ साली पालघर वेगळा होईपर्यंत जव्हार-मोखाडा ठाणे जिल्ह्यातच होते. जव्हारच्या वावर-वांगणीत १९९२-९३ साली शंभरावर मुलं गेली, त्याने सगळा महाराष्ट्र हादरला. तिथे मला कळलं की फार उपाशी राहिलेलं मूल मागतच नाही. अंग आधी वजन सोडतं आणि मग भूकही सोडतं. तीव्र कुपोषित मुलाला आम्ही ठरावीक आहार देऊन बघतो, आवडीने खातंय का. खाल्लं तर गावातच उपचार करता येतात. तोंड फिरवलं तर ताबडतोब दवाखाना. तिथल्या आया स्थलांतर करून वीटभट्टीवर यायच्या, त्यांतल्या पुष्कळ आमच्याच भिवंडी-कल्याणकडे. बाळ झोळीत आणि आई चिखलात. गप्प पडून असलेलं बाळ "शहाणं आहे, त्रास देत नाही" असं त्या सांगायच्या तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. शहरातही हेच लक्षात ठेवायला हवं. प्यायला उठतच नाही, उठवलं तरी ओढत नाही, दुपटी कोरडी राहतात, टाळू खोल गेली, अंग तापलं किंवा गार पडलं, तर घरगुती गुटी उगाळत बसू नये, डॉक्टरकडे जावं. मागणारं, चिडणारं, तोंड फिरवून "पुरे" सांगणारं बाळ मला कधीच काळजीचं वाटलं नाही.

रजेच्या त्याच २०१७ च्या कायद्याने असंही ठरवलं की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता यावं. हेतू उत्तम आहे. पण पाळणाघर कचेरीपाशी आणि कचेरी इथून पन्नास किलोमीटरवर. डोंबिवलीहून सकाळी आठच्या गाडीत धडधाकट माणसाला पाय ठेवायला जागा मिळत नाही, तिथे पाच महिन्यांचं बाळ छातीशी धरून कुठली आई चढणार? म्हणून मला वाटतं की ठाणे, डोंबिवली, कल्याणसारख्या ठिकाणी पाळणाघरं घरांजवळ हवीत, महापालिकांनी चालवलेली, बाळाची मूठ आणि मान वाचता येणाऱ्या बायका तिथे पगारावर हव्यात. आणि जिथे काम संगणकावरचं आहे तिथे बाळ वर्षाचं होईपर्यंत आईला घरी बसून काम मिळावं. लेकीच्या कचेरीने आठवड्यातले दोन दिवस तसे दिले आहेत. त्या दोन दिवसांत नात दुपारी पोटभर पिते, वरण-भात नीट खाते आणि रात्री एकदाच उठते.